मंगळवारची वही

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



सातवीत असताना मंडळाच्या पाठांतर स्पर्धेत माझा तिसरा नंबर आला होता. त्यानंतर या स्टेजवर मी आजच चढतोय, त्यामुळं चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी डॉक्टर नाही. डी. फार्म. करून सरकारी नोकरीत लागलेला, औषधाच्या खिडकीमागं उभा राहणारा माणूस. जुनी माणसं अजून मला कंपाउंडरच म्हणतात आणि त्याचं मला काही वाटत नाही. कार्यकर्त्यांनी सांगितलं, कोरोनावर बोला. कोरोनावर सगळ्यांनी सगळं बोलून झालंय. व्हेंटिलेटर, ऑक्सिजन, लस, सगळं. मी त्यातल्या एका कोपऱ्याबद्दल बोलणार आहे, ज्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. त्या दिवसांत ज्यांना मनाच्या आजाराच्या गोळ्या रोज लागतात त्यांचं काय झालं, आणि त्या गोळ्या चालू ठेवायला आपल्या भागात काय काय करावं लागलं, ते.

आधी थोडं मागचं. मानसिक आजार म्हटलं की आपल्याकडं धारवाडच आठवतं. मुंबई इलाख्याच्या काळापासून ते हॉस्पिटल तिथं आहे. ‘याला धारवाडला न्यावं लागतंय बघ’ हे वाक्य आपण भांडणात सुद्धा वापरतो. पण गोळ्या घेऊन घरी राहून बरं राहता येतं, त्यासाठी तालुक्याच्या आणि गावच्या दवाखान्यातच सोय पाहिजे, हा विचार आपल्याच राज्यात करून बघितला गेला. बेंगळूरच्या निम्हान्सनं १९८५ ते १९९० या काळात बळ्ळारी जिल्ह्यात तो प्रयोग केला. साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांना शिकवायचं, मोजकीच औषधं ठेवायची, कार्यकर्त्यांनी घरी जाऊन बघायचं. त्यावरूनच १९९६ साली देशात चार जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१४ पासून कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ आलं. मानसोपचार तज्ज्ञ ठरलेल्या मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात येतात, तपासतात, गोळ्या आमच्या खिडकीवर फुकट मिळतात. त्या दिवसाची एक वेगळी वही असते. नाव, गाव, गोळी, पुढची तारीख. माझं आजचं सगळं बोलणं त्या वहीभोवती फिरणार आहे.

कारण त्या वहीत आपली माणसं फार कमी होती.

‘आपली’ म्हणजे कोण, ते तुम्हाला कळलं. आपली घरं इथं चार-चार, पाच-पाच पिढ्या आहेत. पेठेत दुकान, मळ्यात ऊस, पोरं शिकलेली. घरात कुणाला असा आजार निघाला की आपण काय करतो? चिकोडीच्या सरकारी दवाखान्यात रांगेत उभे राहतो का? नाही. मिरजेला जातो. कोल्हापूरला जातो. इचलकरंजीला पाहुणे असले की त्यांच्याकडं जातो. एक कारण रास्त आहे. बेळगावला जायला पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर, मिरज त्यापेक्षा बरीच जवळ, आणि तिथं डॉक्टरांशी मराठीत बोलता येतं. दुसरं कारण आपण एकमेकांना सांगत नाही. इथं कुणी बघितलं तर पोरीचं लग्न अडतंय. म्हणून चिकोडी रोडवरनं सकाळची मिरजेची गाडी धरायची, ‘पाहुण्यांकडं जाऊन येतो’ म्हणायचं आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन संध्याकाळी परत.

असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि तसं बरंच चाललं होतं. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला. गाड्या थांबल्या, आणि २५ मार्चपासून देश बंद. आपल्यासाठी त्यात आणखी एक बंद होता, तो म्हणजे कोगनोळीचा नाका. निपाणी सोडली की कोगनोळी, पलीकडं कागल. आपण ती सीमा आयुष्यात कधी सीमा म्हणून ओलांडलेली नाही. सकाळी जाऊन लग्नातली पंगत जेवून दुपारी परत येणारे आपण. त्या नाक्यावर बॅरिकेड लागलं आणि पलीकडचं राज्य एका रात्रीत परदेश झालं.

मग हिशेब सुरू झाला. ज्यांनी २० मार्चला महिन्याच्या गोळ्या आणल्या होत्या त्यांच्या २० एप्रिलला संपणार. ज्यांनी फेब्रुवारीच्या शेवटी आणल्या त्यांच्या मार्चअखेरीलाच. आणि हे लोक इथल्या कुठल्याच वहीत नाहीत, म्हणजे फोन करून ‘तुमच्या गोळ्या संपत आल्यात’ म्हणणारं कुणी नाही. जे गरीब मंगळवारच्या रांगेत उभे राहायचे त्यांची नावं आमच्याकडं होती. ज्यांना चार पैसे असल्यामुळं लपवणं परवडत होतं, ते सरकारच्या दृष्टीनं अस्तित्वातच नव्हते.

आता मी एक गोष्ट सांगतो, ती माझ्या चुकीची आहे. एप्रिलचा पहिला आठवडा. मी तेव्हा ज्या दवाखान्यात होतो तिथं खिडकीसमोर खोकल्या-तापाच्या माणसांची रांग. मी दोन मास्क लावून, हातमोजे घालून, आतनं घाबरून उभा. दूधगंगेकडच्या एका गावची बाई, पन्नाशीची, कुणाच्या तरी मोटारसायकलवर आली होती. तोंडाला पदर. तिनं कनवटीतनं एक हिंगाची डबी काढली आणि तिच्यातनं पत्र्याचा एक कापलेला तुकडा माझ्यापुढं सरकवला. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा तुकडा. नाव असलेली बाजू मुद्दाम कापून टाकलेली. नव्या सुनेला कळू नये म्हणून गोळ्या हिंगाच्या डबीत ठेवायची त्या घराची रीत होती, हे मला नंतर कळलं. ‘पोराच्या गोळ्या हाईत दादा, मिरजेच्या डॉक्टरच्या.’ मी विचारलं, कागद? ‘कागद तकडंच असतुया.’ मी म्हणालो, मावशी, कागदाशिवाय गोळी देता येत नाही. नियम तो आहेच, चिठ्ठीशिवाय ही औषधं द्यायची नसतात आणि अर्ध्या तुकड्यावरनं ओळखून देणं तर धोक्याचं. बाई काही बोलली नाही, डबी बंद केली आणि गेली.

अकरा दिवसांनी तिच्या पोराला जीपमध्ये घालून आणलं. पाच रात्री झोप नाही, बाहेर पळतोय, बाहेर पोलीस, म्हणून शेजाऱ्यांनी हात बांधलेले. मनगटं सोललेली. तो पुढं सावरला, आज शेतात काम करतो. पण ते अकरा दिवस त्या घरानं काय काढले असतील. नियम मी पाळला. पण तिला खुर्चीवर बसवून, तिच्याकडून डॉक्टरांचं नाव विचारून एक फोन करायला मला कुणी अडवलं नव्हतं. मला ती समोरून लवकर जायला हवी होती, कारण मला लागण व्हायची भीती होती. एवढंच खरं आहे.

त्यानंतर आमच्या वैद्यकीय अधिकारी साहेबांशी बोललो. खिडकीवर एक गोष्ट ठरली. कागद नसेल तर माणूस परत पाठवायचा नाही, आधी फोन. आणि नेमकं त्याच वेळी एक दार उघडलं होतं. फोनवरनं, व्हिडिओवरनं तपासून औषध लिहून द्यायला परवानगी देणारी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० लाच निघाली होती. जुन्या रुग्णाच्या चालू गोळ्या त्याच्या डॉक्टरांनी फोनवर बोलून पुन्हा लिहून द्यायच्या, चिठ्ठीवर नाव आणि नोंदणी क्रमांक पाहिजे, तिचा फोटो चालतो. अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं मात्र नाहीत. मिरज-कोल्हापूरचे डॉक्टर रात्री दहा-अकरा वाजता सुद्धा व्हॉट्सअॅपवर चिठ्ठी पाठवायचे. त्यातले काही जण मला आजही चेहऱ्यानं माहीत नाहीत.

गोळी का चुकवायची नाही, ते थोडं सांगतो. डोकेदुखीची गोळी नाही घेतली तर डोकं दुखत राहतं, संपलं. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर थांबवल्यामुळंच मोठी फिट येऊ शकते. क्लोझापिन नावाची एक गोळी आहे. तिच्यात दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर आधीचा डोस तसाच पुन्हा देता येत नाही, अगदी लहान डोसपासून हळूहळू चढत जावं लागतं. शिवाय ती घेणाऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत राहाव्या लागतात. लिथियमचं रक्तातलं प्रमाण तपासावं लागतं. उन्हाळ्यात घाम आणि जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर तेच औषध चढतं. लॅब बंद, बस बंद, उन्हाळा चालू. अशा वेळी नुसत्या गोळ्या पोचवून काम भागत नाही. पाणी भरपूर पी, हात थरथरायला लागले तर लगेच कळव, हे दर फोनला सांगावं लागतं. आणि ज्यांना पंधरा दिवसांनी, महिन्यानं कमरेत इंजेक्शन असतं त्यांचं काय? ती गोळीसारखी पाकिटात घालून पाठवता येत नाहीत. एक सिस्टर दुपारच्या उन्हात स्कूटीवरनं जाऊन गोठ्याच्या आडोशाला इंजेक्शन देऊन यायच्या.

मंगळवारची वही मी कपाटातनं काढली आणि फोन लावायला बसलो. निम्मे नंबर चुकीचे. कुणी मुद्दाम चुकीचा दिलेला, कुणाचं सिम बदललेलं. मग आशाताई. या कामात सगळ्यात मोठं काम कुणी केलं असेल तर त्यांनी. घरोघरी ताप विचारत त्या फिरतच होत्या. त्यांच्या पिशवीत आम्ही दोन-दोन महिन्यांच्या गोळ्या देऊ लागलो. पाकिटावर नाव नाही, नुसता एक आकडा. कुणी विचारलं तर बीपीच्या गोळ्या. तरीही एक गंमत झाली. गंमत कसली, त्या वेळी जीव गेला होता. एका घरी आशाताई पिशवी घेऊन तीनदा गेल्या, तर गल्लीत बोभाटा झाला की त्या घरात कोरोना निघालाय. गल्लीनं दूध बंद केलं. त्या घरच्या काकांनी शेवटी ओट्यावर उभं राहून ओरडून सांगितलं, ‘अरे कोरोना न्हवं, पोरगीच्या डोक्याच्या गोळ्या हाईत!’ बारा वर्षं लपवलेली गोष्ट त्यांनी दुधासाठी सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी दूध आलं. आणि त्याच गल्लीतनं आणखी दोन घरांनी आशाताईंना हळूच बोलावून घेतलं.

नाक्यापलीकडून आणायच्या गोळ्यांची वेगळी कथा. नेहमीच्या चार-पाच गोळ्या आमच्या साठ्यात असायच्या, त्या इथंच मिळायच्या. पण काही औषधं नाहीतच. मग पलीकडचा पाहुणा कोल्हापूरहून घेऊन कागलपर्यंत यायचा. जीवनावश्यक मालाच्या गाड्यांना मुभा होती. भाजीची, दुधाची गाडी ते पाकीट अलीकडं आणायची. निपाणीत कुणीतरी घ्यायचं, तिथनं चिकोडी. सोबत चिठ्ठीची प्रत आणि बिल, पोलिसांनी विचारलं तर दाखवायला. पाकीट उघडून बघून परत नीट बंद करून देणारे पोलीस मी बघितलेत. २०२१ च्या फेब्रुवारीत पलीकडून येणाऱ्यांना आरटीपीसीआर दाखवल्याशिवाय सोडेनात, तेव्हा हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. गोळीला आरटीपीसीआर लागत नाही, हे आमच्यातलं नेहमीचं वाक्य झालं होतं.

दारूबद्दल बोलायला पाहिजे. इथं बायाबापड्या बसल्यात म्हणून टाळणार नाही, उलट त्यांच्यासाठीच बोलतो. लॉकडाउन लागला तशी दारूची दुकानं बंद झाली. ती कर्नाटकात ४ मे ला उघडली. लोक म्हणाले, बरं झालं, आपोआप सुटली. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम थांबली तर पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम येतो. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दोन ते चार दिवसांत काही जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलतात, ताप चढतो. हा प्रकार जीव घेऊ शकतो. ही इच्छाशक्तीची परीक्षा नव्हे. त्याला दवाखान्यात ठेवून काही दिवस औषध देऊन उतरवावं लागतं, ‘बी वन’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यावं लागतं. आमच्याकडं असे पेशंट यायला लागले आणि घरच्यांचं म्हणणं एकच, बाहेरचं झालंय. एकाला आधी देवऋष्याकडं नेऊन मग आणलं होतं, तोवर तिसरा दिवस उलटला होता. केरळात सरकारनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला आणि तिथल्या हायकोर्टानं २ एप्रिलला त्याला स्थगिती दिली. मला विचाराल तर कोर्टाचं बरोबर होतं. दारूवरचा उतारा दारू नव्हे. पण केरळ सरकारला निदान हे कळलं होतं की हा आजाराचा प्रश्न आहे. आपल्याकडं तेवढीही चर्चा झाली नाही.

भाषेचं एक सांगतो. निम्हान्सनं त्या काळात हेल्पलाइन काढली, बऱ्याच भाषांत. चांगली होती. पण आपल्या बायका फोनवर काय बोलतात? ‘जीव कासावीस होतोय’, ‘डोकं भणभणतंय’, ‘काळीज धडधडतंय’, ‘कशातच जीव रमंना’. हे कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांना शब्दशः सांगितलं तर ते आधी हृदयाची पट्टी काढायला सांगतात. तज्ज्ञ डॉक्टर मंगळवारी फोनवर असायचे आणि मी स्पीकर लावून मधे दुभाषा. काळीज धडधडतंय याचा अर्थ कधी कधी ‘तंबाखूची वखार बंद, विड्या वळायचं काम बंद, घरात पीठ नाही’ एवढाच असतो. निपाणीच्या विडी कामगार बायकांचं नेमकं तेच होतं. त्यांना गोळीपेक्षा रेशन लागणार होतं, आणि हे त्या डॉक्टरांनी स्वतः म्हटलं, त्याचं मला कौतुक वाटलं. चिठ्ठीवर काही न लिहिता त्यांनी पंचायतीला फोन करायला लावला.

दुसरी लाट आली तेव्हा प्रकार वेगळा. पहिल्या वेळी भीती होती, दुसऱ्या वेळी दुःख. माणूस दवाखान्यात गेला तो परत दिसलाच नाही. तोंड बघायला मिळालं नाही, दहावा-बारावा नीट झाला नाही. रडायला माणसं जमली नाहीत. आपल्याकडं चार बायका गळ्यात पडून रडतात ना, त्याला मी लहानपणी हसायचो. ते किती कामाचं होतं ते तेव्हा कळलं. त्यात जुलै २०२१ ला पूर. यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, कृष्णाकाठची, दूधगंगेकाठची माणसं शाळांत आणून ठेवलेली. गोळ्यांची डबी वाहून गेलेली माणसं मी बघितली. पण तोवर वही तयार होती. नाव शोधायला पाच मिनिटं लागायची. २०१९ च्या पुरात ते शक्य नव्हतं.

एक आकडा सांगतो आणि आवरतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांमध्ये दर शंभरात दहा-अकरा जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि बऱ्याच आजारांत दहातल्या सात ते नऊ जणांना उपचारच मिळत नव्हते. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. त्या बारांत कर्नाटक नव्हतं आणि महाराष्ट्रही नव्हता. म्हणजे आपण सीमेच्या कुठल्याही बाजूला मोजले गेलो असतो तरी मोजले गेलो नसतो.

आता काय राहिलं आहे? १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ सुरू झालंय. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, पैसे पडत नाहीत. भाषा निवडता येते, त्यात मराठी आहे. लिहून घ्या, किंवा कार्यक्रमानंतर बाहेरच्या टेबलावर मी चिठ्ठ्या ठेवल्यात त्या न्या. कुणी काय नेतंय ते बघायला तिथं कुणी बसलेलं नाही. मिरजेला जाणारी गाडी पुन्हा सुरू झाली, कोगनोळीचं बॅरिकेड निघालं, आणि दोन वर्षांत वहीत आलेली आपल्यातली बरीच नावं पुन्हा गळाली. मला त्याचा राग नाही. ज्याला जिथं बरं वाटतं तिथं त्यानं जावं. फक्त चिठ्ठीचा एक फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये असू द्या, गोळ्यांच्या पाकिटाची नावाची बाजू कापू नका, आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम जादा ठेवा.

भाषणानंतर एका काकांनी विचारलं, ‘त्या वहीत आपल्या पेठेतली किती?’ मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. चपला शोधताना एक ताई जवळ आल्या. त्यांनी विचारलं, मंगळवारी कितीला उघडता. नऊला, म्हटलं. आणि गर्दी नको असेल तर बारानंतर या.